अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र : अर्ज करण्याआधी जुन्या वह्या बाजूला काढा

मे महिन्यात वह्या रद्दीत जातात. तोंडी सगळं येतं, पण वाचायला बसवलं की डोळ्यांत पाणी येतं, असं मूल ज्या घरात आहे त्या घराला माझी पहिली विनंती हीच की त्या वह्या देऊ नका. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, तपासून प्रमाणपत्र मिळालं की दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. त्या तपासणीसाठी फाइल तयार करताना आधार कार्ड लगेच सापडतं, तिसरीतली शुद्धलेखनाची वही सापडत नाही. मुलाची अडचण मात्र त्या वहीतच सगळ्यात स्पष्ट दिसते.

अशाच एका वहीचं पान माझ्यापुढे आहे. सहा ओळी, फळ्यावरून उतरवून घेतलेल्या. 'पुस्तक' हा शब्द एकदा 'पुतस्क' आणि दोन ओळी सोडून 'पुसतक'. 'क्रम'चा 'कर्म' झालाय, 'घर'चं 'धर'. वेलांट्या निम्म्या गायब. हाच धडा त्याला वाचून दाखवला, तर एकूणएक प्रश्नाचं उत्तर तो तोंडी देतो. सत्तावीस सांगितले की काही मुलं ७२ लिहितात, कारण मराठीत सात आधी कानावर पडतात. पहिली-दुसरीत हे बऱ्याच जणांचं होतं. चौथी-पाचवीतही होत राहिलं तर मात्र थांबू नका. एकदोन चुकांवरून कुणीच निदान करू नये. चष्म्याचा नंबर, कमी ऐकू येणं, सतत बुडालेली शाळा, घरची वेगळी बोली, यांनीही वाचन मागे पडतं. म्हणून तर तपासणी एवढी लांबलचक असते.

प्रमाणपत्र कोणाला मिळतं?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' हा त्यांतला एक. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, गणिताची डिसकॅल्क्युलिया. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुलाला आठ वर्षं पूर्ण व्हावी लागत (२०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या, तेव्हा सध्याच्या अटी रुग्णालयात विचारून घ्या). आधी बुद्ध्यांक मोजायचा, आणि तो ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या करायच्या, असं त्या सूचनांत होतं. 'आमच्या नातवावर वेडेपणाचा शिक्का नको' म्हणून अर्ज अडवून धरणाऱ्या आजी-आजोबांना हे शांतपणे समजावून सांगा. बुद्धी चांगली आहे हे ठरल्याशिवाय हे प्रमाणपत्र हाती पडतच नाही.

सुरुवात शाळेपासून

मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्या : मुलाला वाचन-लेखनात अडचण आहे, तपासणीसाठी शिफारसपत्र मिळावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. 'मोठा झाला की सुटेल' असं उत्तर मिळालं, तर ही पोच उपयोगी पडते. तालुक्याच्या गट साधन केंद्रात 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही जरूर भेटा. वर्गशिक्षकांचं निरीक्षण नेमकं असू द्या. 'अभ्यासात कच्चा' या दोन शब्दांवरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. 'जोडाक्षरं गाळतो, ओळ सुटते, तोंडी उत्तरं बरोबर देतो' असं लिहिलं, तर कळतं.

फाइलमध्ये शाळेचं पत्र, बोनाफाइड, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रकं, जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशन कार्ड किंवा रहिवासाचा दुसरा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि आधीच्या उपचारांचे कागद ठेवा. वह्या मूळच न्या. झेरॉक्समध्ये खोडाखोड दिसत नाही.

रुग्णालयात

तपासणीसाठी मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर, पुण्यात ससून, इतर जिल्ह्यांत जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय. खासगी मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल असेल तर सोबत न्या, पण दहावीच्या बोर्डासाठी प्रमाणपत्र सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयाचंच लागतं. केसपेपर काढला की आधी बालरोगतज्ज्ञ, मग डोळे आणि कान, मग मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांक, आणि शेवटी वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. एका दिवसात होत नाही. चार-पाच फेऱ्या धरूनच रजा टाका.

मराठी माध्यमाच्या मुलाची वाचन-चाचणी मराठीत होणार आहे ना, हे नावनोंदणीच्या वेळीच विचारा. घरात कुणी बोलत नाही अशा इंग्रजीत तपासलं, तर अडखळणारं प्रत्येक मूल अक्षम वाटेल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी केलेल्या 'डाली' या चाचणी-संचात मराठीही आहे, म्हणजे ही मागणी अवाजवी नाही.

आणि मुलाला खरं सांगा. 'डॉक्टरांना बघायचंय की तुला कसं शिकवलं तर सोपं जाईल.' मी पाहिलंय, एवढं सांगितलं की मुलाचे खांदे सैल पडतात. चाचणीच्या दिवशी सकाळी पोटभर खायला घाला.

दिव्यांगत्वाचं वैश्विक ओळखपत्र हवं असेल तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अक्षमता चाळीस टक्के किंवा जास्त ठरली तर पुढे सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी त्याचा उपयोग होतो.

दहावीच्या सवलती

प्रस्ताव शाळा पाठवते, विभागीय मंडळाकडे. बोर्डाचे फॉर्म भरायला लागल्यावर धावपळ करू नका. नववीतच प्रमाणपत्र हातात हवं. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास, आणि गरज असेल तर लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो.

लेखनिक मिळाला की झालं, असं मात्र समजू नका. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे. स्वल्पविराम कुठे, परिच्छेद कुठे, आकृतीला नावं कोणती, सगळं तोंडाने सांगावं लागतं. घटक चाचणीपासून त्याचा सराव करा, नाहीतर जादा तास नुसता बसण्यात जातो.

भाषा विषयातून सूट आणि खालच्या पातळीचं गणित या सवलती घाईत घेऊ नका. गणित सोडलं की विज्ञान, अभियांत्रिकीच्या वाटा बंद होतात. मुलाला पुढे काय करायचंय ते आधी त्यालाच विचारा.

२०१८ च्याच सूचनांत चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती. अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र मग कायमचं, असं त्यांत होतं. तेव्हा चौथीत मिळालेला कागद दहावीच्या प्रस्तावाला जोडण्याआधी त्यावरची मुदत वाचा, आणि मुलाचा चौदावा वाढदिवस कॅलेंडरवर आजच खुणेने गोल करून ठेवा.