डक्ट सायझिंग

वातानुकूलन किंवा वायुवीजनाची हवा वाहून नेणाऱ्या डक्टच्या प्रत्येक टप्प्याचे माप ठरवण्याची प्रक्रिया. पूर्वी हे काम घर्षणाचा आलेख किंवा डक्ट्युलेटर ही फिरती चकती घेऊन होई. आता रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते इमारतीच्या त्रिमितीय मॉडेलवरच होते.

सॉफ्टवेअर शेवटच्या डिफ्यूझरपासून (खोलीत हवा सोडणारी जाळी) पंख्याकडे हवेची बेरीज करत येते. वाटेतला एखादा जोड नुसता जुळलेला दिसत असला आणि प्रत्यक्षात सुटा असला, तर त्याच्या पलीकडची हवा बेरजेत येत नाही आणि मुख्य डक्ट लहान निघतो. चुकीच्या मापांमागे सूत्रापेक्षा हेच कारण आधी तपासावे.

माप काढण्याची सर्वाधिक रुळलेली पद्धत समान घर्षणाची. तीत दर मीटरला होणारी दाबघट सगळीकडे सारखी ठेवतात. कमी दाबाच्या डक्टसाठी ती बहुधा ०.८ पास्कलच्या आसपास धरतात. सेकंदाला ०.५ घनमीटर हवेसाठी या हिशेबाने सुमारे ३५० मिमी व्यासाचा गोल डक्ट येतो. हवा तेवढीच ठेवून व्यास १० टक्क्यांनी घटवला, तर घर्षण जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढते, कारण ते साधारण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेग पद्धतीत हवेचा वेग बांधून घेतात. आवाजाची मर्यादा कडक असेल तेथे ती सोयीची. स्टॅटिक रीगेन पद्धतीत फाट्यानंतर वेग उतरवून परत मिळणाऱ्या स्थितिक दाबातून (हवेचा डक्टच्या भिंतींवरचा दाब) पुढच्या टप्प्याची घट भागवली जाते.

खरी ओढाताण मात्र फॉल्स सीलिंगवरच्या जागेसाठी असते. उंची २०० मिमीवर अडवली, तर आधी सांगितलेला ३५० मिमीचाच डक्ट सुमारे ५५० × २०० मिमी होतो: घर्षण तेवढेच, पण परिमिती, म्हणजे लागणारा पत्रा, सुमारे एक तृतीयांशाने जास्त. रुंदी उंचीच्या चौपटीपुढे जाऊ देऊ नये, असा संकेत आहे.

बेंड, टी (फाटा फुटणारा जोड) आणि डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) यांतली घट वेगळी मोजावी लागते. ती वेगदाबाच्या, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणाऱ्या दाबाच्या, पटीत असते, आणि वेगदाब ५ मीटर प्रतिसेकंदाला १५ पास्कल, तर १० मीटरला ६० पास्कल भरतो. समान घर्षणाने काढलेल्या मापांत फाट्यांचा समतोल आपोआप साधत नाही. पंख्याजवळच्या आखूड फाट्यात जादा हवा घुसते. मॉडेलमध्ये मात्र ठरवून दिलेलाच आकडा दिसत राहतो. म्हणून अशा फाट्यांचे माप हाताने कमी करतात किंवा तेथे व्हॉल्यूम डॅम्पर बसवतात, आणि पंख्याचा दाब सर्वाधिक घट होणाऱ्या मार्गावरून ठरवतात.