पूर्ण भूतकाळानंतरचे ‘टु’-रूप (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजीत ‘हॅड’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप यांच्या मागोमाग ‘टु’सह मूळ क्रियापद येते तेव्हा ही रचना होते. उदा. ‘आय हॅड होप्ड टु सी हर’ (तिची भेट होईल अशी आशा होती). भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची घटना ‘हॅड’ घेते, एवढाच नियम शाळेत शिकवला जातो. या रचनेचा सर्वांत लक्षणीय उपयोग त्या नियमात बसत नाही. ‘आय हॅड होप्ड टु फिनिश इट बाय नेक्स्ट फ्रायडे’ हे वाक्य पाहा. पुढचा शुक्रवार अजून उजाडायचा आहे आणि भूतकाळातली दुसरी घटना वाक्यात कुठेच नाही. तरीही वाक्य बिनचूक आहे, आणि शुक्रवारपर्यंत काम होत नाही हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. आशा होती, ती आता उरलेली नाही, हे इथे ‘हॅड’मुळे समजते.

हा अर्थ मुख्यतः हेतू किंवा अपेक्षा दाखवणाऱ्या क्रियापदांना येतो: होप, इंटेंड, प्लॅन, एक्स्पेक्ट, वॉन्ट आणि ‘मनात असणे’ या अर्थाचे मीन. ‘वी हॅड प्लॅन्ड टु लीव्ह ॲट सिक्स’ एवढे कानावर पडले की पुढे ‘बट’ येणार हे इंग्रजी बोलणारा गृहीत धरतो. पुष्कळदा तो ‘बट’ कुणी उच्चारतही नाही. मात्र बेत फिसकटल्याचा हा अर्थ वाच्यार्थ नव्हे, ध्वनित अर्थ आहे. ‘वी हॅड प्लॅन्ड टु लीव्ह ॲट सिक्स, अँड वी डिड’ असे म्हटले तर काहीच बिघडत नाही. साध्या भूतकाळात (‘वी प्लॅन्ड टु लीव्ह’) बेताचे पुढे काय झाले, हा प्रश्न बराच मोकळा राहतो.

मॅनेज, रिमेंबर, फरगेट, फेल या क्रियापदांचे तंत्र निराळे आहे. ‘शी हॅड मॅनेज्ड टु ओपन इट’ म्हणजे ते उघडलेच; ‘शी हॅड फर्गॉटन टु लॉक इट’ म्हणजे कुलूप लागलेच नाही. हे अर्थ ‘बट’ जोडून मागे घेता येत नाहीत. अशा क्रियापदांचे वर्तन भाषाशास्त्रज्ञ लाउरी कार्टुनेन यांनी १९७१ साली नेमकेपणाने मांडले. इथे निकाल क्रियापदातच असतो, ‘हॅड’ फक्त कालक्रम लावतो. ट्राय, अग्री, डिसाइड, प्रॉमिस यांच्याबाबत निकाल संदर्भावरून ठरतो. ‘ही हॅड गॉन टु बाय मिल्क’ यातले ‘टु’-रूप तर निव्वळ प्रयोजन सांगते. दूध मिळाले की नाही याविषयी वाक्य गप्प आहे. ‘हॅड स्टॉप्ड टु रेस्ट’ हेही तसेच: विश्रांतीसाठी थांबला होता. विश्रांती घेणेच बंद केले होते असे म्हणायचे असेल तर ‘हॅड स्टॉप्ड रेस्टिंग’ हवे.

बेत फसल्याचे दाखवण्याची एक जुनी पद्धत म्हणजे ‘हॅड’ काढून ‘टु’च्या पलीकडे ‘हॅव’ आणणे: ‘आय होप्ड टु हॅव सीन हर’. लिंडली मरे यांनी १७९५ सालच्या व्याकरणात ‘आय इंटेंडेड टु हॅव रिटन’ ही धाटणी चूक ठरवली. त्यांचा युक्तिवाद असा की बेत केला तेव्हा लिहिणे होऊन गेलेले नव्हते, म्हणून ‘टु राइट’च हवे. कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये जास्त समंजस भूमिका घेतली: तर्काला धरून नसले तरी गोष्ट घडली नाही हे वेगळे वाक्य न खर्चता सांगता येते, म्हणून हा प्रयोग रूढ मानायला हरकत नाही. आज संपादक ‘हॅड होप्ड टु सी’ पसंत करतात. ‘हॅड होप्ड टु हॅव सीन’ असा दुहेरी प्रयोग बोलण्यात सर्रास ऐकू येतो, पण छापताना ‘हॅड’ आणि ‘हॅव’ यांपैकी एक बहुधा कापला जातो, आणि ते योग्यच. ‘द ब्रिज वॉज टु हॅव ओपन्ड इन मे’ ही वृत्तपत्री धाटणी मात्र टिकून आहे. नुसते ‘वॉज टु ओपन’ म्हटले तर पूल मे महिन्यात खुला झालाही असेल.

बोलताना ‘हॅड’ आक्रसून नुसता ‘ड’ उरतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘आयड होप्ड टु’मधल्या ‘होप्ड’चा शेवटचा उच्चार ‘ट’ असा होतो आणि तो पुढच्या ‘टु’मध्ये मिसळतो. परिणामी ‘आयड होप टु’ (इथला ‘ड’ म्हणजे ‘वुड’) आणि ‘आयड होप्ड टु’ जवळजवळ एकसारखे ऐकू येतात. पहिल्यात आशा जिवंत आहे, दुसऱ्यात नाही. ‘प्लॅन्ड टु’चीही हीच गत. वॉन्टेड, इंटेंडेड, एक्स्पेक्टेड यांत ‘एड’चा स्वतंत्र उच्चार होत असल्यामुळे गफलत होत नाही. श्रुतलेखन घेताना किंवा ध्वनिमुद्रण उतरवताना मागचापुढचा संदर्भ पाहिल्याशिवाय या ‘ड’चा अर्थ लावू नये.

उत्तरात मूळ क्रियापद गाळून ‘टु’ तेवढा ठेवता येतो. ‘डिड यू कॉल हर?’ याला ‘आयड मेन्ट टु’ (फोन करणार होतो, राहून गेला). ‘टु’ गाळून नुसते ‘आयड मेन्ट’ म्हटले तर वाक्य लंगडे होते.

पत्रव्यवहारात या रचनेला धार येते. ‘वी हॅड एक्स्पेक्टेड टु हिअर फ्रॉम यू बाय मंडे’ वाचणाऱ्याला ठपक्यासारखे लागते. तगादाच लावायचा पण संबंध राखायचे असतील तर ‘वी वेअर होपिंग टु हिअर फ्रॉम यू’ लिहितात. हॉटेलच्या काउंटरवर ‘आय वॉज होपिंग टु स्पीक टु द मॅनेजर’ ही विनंती ठरते. त्याच जागी ‘आय हॅड होप्ड टु’ म्हटले तर मॅनेजर भेटणार नाही हे गृहीत धरून केलेली तक्रार वाटते.

‘टु’-रूपाचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून वेगळा असला की क्रियापदाची निवडही बदलते. ‘हॅड वॉन्टेड हिम टु कम’ आणि ‘हॅड एक्स्पेक्टेड हिम टु कम’ चालते. ‘हॅड होप्ड हिम टु कम’ चालत नाही, तिथे ‘हॅड होप्ड दॅट ही वुड कम’ म्हणतात. सजेस्टला तर ‘टु’ चालतच नाही: ‘हॅड सजेस्टेड गोइंग’. नकाराची जागाही पाहावी. ‘हॅड नॉट डिसायडेड टु गो’ म्हणजे जायचे ठरले नव्हते, ‘हॅड डिसायडेड नॉट टु गो’ म्हणजे न जायचे ठरले होते. ‘हॅडन्ट थॉट टु ब्रिंग अ टॉर्च’ म्हणजे टॉर्च आणायचे सुचलेच नव्हते. होकारार्थी ‘हॅड थॉट टु’ मात्र आता पुस्तकी वाटते.

मराठी बोलणाऱ्यांची ठरावीक चूक ‘होतं’पाशी होते. ‘मला तुला सांगायचं होतं’ याचे सहजपणे ‘आय हॅड टु टेल यू’ केले जाते, आणि त्याचा अर्थ ‘सांगणे भाग पडले’ असा होतो. इथे ‘आय वॉन्टेड टु टेल यू’ हवे, सांगायचे राहून गेले असेल तर ‘आय हॅड मेन्ट टु टेल यू’. ‘येणार होतो’साठी ‘वॉज गोइंग टु कम’ पुरते.

सक्तीचा ‘हॅड टु’ मुळात पूर्ण भूतकाळ नाहीच; तो ‘हॅव टु’चा साधा भूतकाळ आहे आणि बोलताना त्याचा उच्चार ‘हॅट्टु’च्या जवळ जातो. त्याचा पूर्ण भूतकाळ करायचा तर ‘हॅड’ दोनदा येतो: ‘बाय द टाइम द बस केम, दे हॅड हॅड टु वॉक टू माइल्स’. पहिला ‘हॅड’ आघातहीन राहतो, दुसऱ्यावर जोर पडतो. मुद्रितशोधनात यातला एक ‘हॅड’ पुनरुक्ती समजून काढला जातो. तसे केले की बस येण्याआधीच चालून झाले होते, हा क्रम पुसट होतो.