परकीय भाषाशिक्षणातील स्थित्यंतरे

परकीय भाषाशिक्षणातील स्थित्यंतरे : मातृभाषेखेरीज विद्यार्थी कोणत्या परकीय भाषा शिकतात आणि त्यांतील कोणत्या प्रत्यक्ष बोलू शकतात, यात काळानुसार होत गेलेले बदल. एखाद्या भाषेची गोडी, तिचे साहित्य किंवा ती शिकण्यातील सुलभता यांपेक्षा राजसत्ता, व्यापार, विज्ञान आणि युद्ध यांनी हे बदल अधिक घडविले आहेत. भाषा अभ्यासक्रमातून उठायला थोडी वर्षे पुरतात. ती रुजायला मात्र बराच काळ जावा लागतो, कारण विद्यार्थ्यांआधी शिक्षक तयार व्हावे लागतात.

यूरोपातील विद्यापीठांत लॅटिन ही कोणाचीच मातृभाषा नसतानाही शतकानुशतके व्याख्यानांची, वादसभांची आणि प्रबंधांची भाषा होती. क्रिस्टिआन टोमाझिउस याने १६८७ मध्ये लाइपसिक विद्यापीठात जर्मन भाषेतून व्याख्याने देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला. लॅटिनची पकड सैल होत असताना दरबार आणि राजनय यांची भाषा म्हणून फ्रेंच पुढे आली आणि सुशिक्षित घराण्यांतील मुलांच्या शिक्षणाचा ती अविभाज्य भाग बनली. १९१९ च्या व्हर्साय तहाचे फ्रेंच व इंग्रजी असे दोन्ही मसुदे अधिकृत मानले गेले. राजनयातील फ्रेंचची मक्तेदारी संपत आल्याचे ते ठळक चिन्ह होते. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र व वैद्यक यांच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचता येणे जवळजवळ अपरिहार्य झाले होते.

हा बदल शिकणाऱ्याच्या वाट्याला कसा येतो, हे जपानच्या उदाहरणावरून चांगले कळते. तोकुगावा घराण्याच्या लष्करी राजवटीत बहुतेक काळ पाश्चात्त्यांपैकी केवळ डचांनाच व्यापाराची मुभा असल्याने पाश्चात्त्य विद्या शिकण्याचे साधन डच भाषा हेच होते. फुकुझावा युकिची हा तरुण अनेक वर्षे डच शिकून तीत पारंगत झाला होता. १८५९ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांसाठी नुकत्याच खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात तो गेला, तेव्हा तेथील दुकानांच्या पाट्या त्याला वाचता येईनात आणि व्यापाऱ्यांना त्याचे बोलणे समजेना. निराश होऊन परतलेल्या युकिचीने लगोलग इंग्रजी शिकण्याचा निश्चय केला. पुढे मेजी सम्राटाच्या काळात (१८६८–१९१२) डचची जागा प्रामुख्याने इंग्रजीने घेतली.

युद्धामुळे भाषा किती झपाट्याने हद्दपार होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जर्मनचे आहे. १९१५ मध्ये तेथील सार्वजनिक माध्यमिक शाळांतील सुमारे २४ टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते. पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू ठरल्यावर, १९२२ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. नेब्रॅस्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकीय भाषा शिकविण्यास बंदी घातली. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मनमधील बायबल-कथा वाचायला शिकविल्या म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरविला. कायदा गेला, पण जर्मनला तिचे पूर्वीचे स्थान परत मिळाले नाही. माध्यमिक शाळांत त्या पोकळीचा लाभ मुख्यतः स्पॅनिशला झाला. पुढे महाविद्यालयांतही १९७० च्या सुमारास स्पॅनिशने फ्रेंचला मागे टाकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व यूरोपातील सोव्हिएट प्रभावाखालील बहुतेक देशांत रशियन सक्तीची झाली. सोव्हिएट संघाचा स्पुटनिक उपग्रह १९५७ मध्ये अवकाशात गेल्यावर अमेरिकेनेही १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यान्वये भाषाशिक्षणासाठी निधी दिला आणि तेथे रशियनकडे ओढा वाढला. चीनमध्ये १९५० च्या दशकात रशियनचा बोलबाला होता. सोव्हिएट संघाशी बिनसल्यानंतर तेथे इंग्रजीला अग्रक्रम मिळाला. हंगेरीत रशियनची सक्ती १९८९ मध्ये उठली आणि विद्यार्थी इंग्रजी व जर्मनकडे वळले. त्यांना शिकविणार कोण, हा प्रश्न मात्र लगेच सुटणारा नव्हता. हंगेरीत आणि पोलंडमध्ये रशियनच्या शिक्षकांना पुन्हा प्रशिक्षण देऊन दुसरी भाषा शिकविण्यास सिद्ध करावे लागले. पोलंडने तर १९९० पासून तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची भाषाशिक्षक महाविद्यालये नव्याने काढली. वर्गात वर्षानुवर्षे रशियन शिकूनही ती सहज बोलू न शकणाऱ्यांची संख्या या देशांत मोठी होती, ही बाब भाषासक्तीचा विचार करताना नजरेआड करता येत नाही.

पटावरील नोंद आणि बोलण्याची क्षमता यांतील हे अंतर इंग्रजीच्या बाबतीतही आढळते. आज यूरोपीय संघातील जवळजवळ सर्व माध्यमिक विद्यार्थी इंग्रजी शिकतात. तरीही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूरोपीय भाषाक्षमता सर्वेक्षणात, इंग्रजीत स्वतंत्रपणे व्यवहार करू शकणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण स्वीडनमध्ये ८२ टक्के, तर फ्रान्समध्ये १४ टक्के आढळले. शाळेबाहेर चित्रपट, संगीत आणि महाजाल यांतून भाषा किती कानावर पडते, यावर हा फरक बऱ्याच अंशी अवलंबून असतो. म्हणून केवळ पटसंख्येवरून काढलेले निष्कर्ष अपुरे ठरतात.

इंग्रजीच्या प्रसाराचा उलट परिणाम इंग्रजी भाषकांवर झाला. इंग्लंडमध्ये २००४ मध्ये चौदा वर्षांपुढील विद्यार्थ्यांसाठी परकीय भाषा ऐच्छिक झाल्यावर पुढील दीड दशकात फ्रेंच व जर्मनच्या परीक्षार्थींची संख्या निम्म्याहून खाली आली. स्पॅनिशची संख्या मात्र वाढली. शासकीय निर्णयाने भाषा बदलल्याची अलीकडची ठळक उदाहरणे आफ्रिकेत आहेत : रवांडाने २००८ मध्ये शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला आणि अल्जीरियाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत इंग्रजी आणली.

पूर्व आशियाई भाषांचा उदय हा गेल्या चार दशकांतील विशेष होय. जपानच्या आर्थिक भरभराटीच्या काळात जपानीला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिनीला विद्यार्थी मिळाले. दोहोंमागे रोजगाराची अपेक्षा होती. कोरियनचे तसे नाही. तिच्याकडे येणारे बरेच तरुण गाणी आणि मालिका यांच्या ओढीने येतात, आणि ही प्रेरणा मागील सर्व प्रेरणांहून वेगळी असल्याने तिचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. अमेरिकेच्या महाविद्यालयांत २०१६ ते २०२१ या काळात कोरियनची नोंदणी सुमारे ३८ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात इंग्रजीखेरीज इतर भाषांची एकूण नोंदणी सुमारे १७ टक्क्यांनी, तर जर्मनची सुमारे एक तृतीयांशाने घटली. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने आपल्या परकीय भाषांतील पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला. अशा निर्णयांची झळ सर्वाधिक बसते ती कमी विद्यार्थी असलेल्या भाषांना, कारण त्यांचे अध्यापन अनेकदा एकदोन प्राध्यापकांवरच अवलंबून असते.