वसंत देसाई : अनेक गळ्यांसाठी चाली बांधणारा संगीतकार

‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘हमको मन की शक्ति देना’ या प्रार्थना शाळेच्या परिपाठात कित्येक पिढ्या म्हणत आल्या आहेत. दोन्ही मुळात सिनेमातली गाणी, आणि दोन्हींच्या चाली वसंत देसाई यांच्या. याला योगायोग म्हणता येणार नाही. त्यांची जडणघडणच तशी होती.

देसाईंचा जन्म ९ जून १९१२ रोजी तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावी झाला. हा मुलूख भजनाचा आणि दशावताराचा. भजनाला बसलेल्यांत गाणारे कोण आणि ऐकणारे कोण, हे तिथे वेगळं काढता येत नाही. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तेव्हा ऐन सतराव्या वर्षी ते तिथे दाखल झाले. मूकपटांचा काळ होता. पडेल ते काम करायचं आणि शिकायचं. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे यांच्या संगीतात त्यांना गायलाही मिळालं. पार्श्वगायन अजून यायचं होतं, नट कॅमेऱ्यासमोरच गात. पुढे मास्तर कृष्णरावांच्या हाताखालीही त्यांनी काम केलं. गाणाऱ्याचा दम कुठे तुटतो, शब्द कुठे अडतो, हे अशा वातावरणात आपोआप कळत जातं.

व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केलं. त्यांच्या ‘शकुंतला’पासून (१९४३) देसाईंचं नाव झालं. मराठीत ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘अमर भूपाळी’. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही होनाजीची भूपाळी आज घराघरात ज्या चालीवर म्हणतात, ती ‘अमर भूपाळी’तली. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’लाही संगीत त्यांचंच.

शास्त्रीय संगीतातल्या मोठ्या माणसांना सिनेमात मानाने आणण्याचं कामही त्यांनी केलं. ‘झनक झनक पायल बाजे’चं (१९५५) शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांनी अडाणा रागात गायलं; ‘गूँज उठी शहनाई’त (१९५९) बिस्मिल्ला खाँ यांची सनई वाजली.

तरी माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम १९५७ चं, ‘दो आँखें बारह हाथ’मधलं. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर हा चित्रपट बेतलेला आहे. त्यातल्या भरत व्यासांच्या ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ या प्रार्थनेला देसाईंनी भैरवीचे सूर दिले. लताबाईंनी गायलेलं हे गाणं नीट ऐकावं : ध्रुवपद जवळजवळच्या सुरांवरून चालतं, कुठे अवघड उडी नाही, तान नाही, अंतऱ्यात ‘ये अंधेरा घना छा रहा’ म्हणताना सूर वर चढतो आणि कोरस सगळ्यांना पुन्हा ध्रुवपदावर आणतो. तालीम नसलेल्या शंभर मुलांनाही ते एकत्र म्हणता येतं. अशी सोपी चाल बांधायला फार मोठी समज लागते.

२३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेलं ‘मैत्रीं भजत’ गायलं. कर्नाटक संगीतातल्या या थोर गायिकेसाठी ती चाल बांधली होती कोकणातल्या या माणसाने.

गायिका वाणी जयराम यांच्याकडून त्यांनी आधी मराठीत गाऊन घेतलं. ‘ऋणानुबंधाच्या’मध्ये त्या कुमार गंधर्वांबरोबर आहेत. मग १९७१ च्या ‘गुड्डी’त ‘बोले रे पपीहरा’ आणि ‘हमको मन की शक्ति देना’. गुलजारांची ही प्रार्थना तर चित्रपटातही शाळेतल्या मुलीच म्हणतात. शाळकरी मुलांचे मोठमोठे समूह जमवून त्यांच्याकडून देशभक्तीपर गाणी बसवून घेणं, हाही देसाईंचा ध्यास होता.

लोकप्रिय संगीतकारांची नावं घेताना देसाईंचं नाव मागे पडतं, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या चाली इतक्या सर्वांच्या झाल्या की त्या कुणी बांधल्या, हे विचारायचंच राहून गेलं. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्रेसष्टाव्या वर्षीही ते काम करतच होते.