सेंट थॉमसच्या १,६०० डॉलरच्या सवलतीमागे काय आहे?

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरून मायामीला किंवा न्यूयॉर्कला निघालेल्या प्रवाशाला विमानात बसण्याआधी कस्टम्ससमोर उभं राहावं लागतं. बेट अमेरिकेचं, उतरायचं अमेरिकेत, तरी काय काय खरेदी केलं याची विचारणा होते. न्यू जर्सीहून सुट्टीला गेलेली मराठी कुटुंबंही इथे बुचकळ्यात पडतात. कारण सरळ आहे: सेंट थॉमस ज्यांपैकी एक आहे ती व्हर्जिन आयलंड्स अमेरिकेच्या ताब्यात असली तरी तिच्या सीमाशुल्क हद्दीत मोडत नाहीत. परत येणाऱ्या अमेरिकी रहिवाशाला माणशी १,६०० डॉलरची खरेदी माफ आहे. परदेशातून आलं, तर बहुतेक ठिकाणी हाच आकडा ८०० असतो.

पर्यटन पुस्तिका या मोकळिकीचं श्रेय बिनदिक्कत डॅनिश काळाला देतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. १६७२ पासून बेटावर डेन्मार्कची सत्ता होती. ऊस पिकायचा तो मुख्यतः शेजारच्या सेंट क्रॉयवर. सेंट थॉमसकडे डोंगर आणि एक खोल, सुरक्षित बंदर, म्हणून १७६४ मध्ये ते मुक्त बंदर झालं आणि १८१५ नंतर सगळ्या राष्ट्रांच्या जहाजांना खुलं झालं. या व्यापारात गुलाम म्हणून विकली जाणारी माणसंही होती, हे पुस्तिकांत सहसा सापडत नाही. आज मेन स्ट्रीटवर घड्याळं आणि हिरे विकले जातात ती दुकानं म्हणजे त्या वेळची गोदामं: जाड दगडी भिंती, लोखंडी दारं, एक तोंड रस्त्याला आणि दुसरं पाण्याकडे. गल्ल्यावर बरेचदा सिंधी व्यापारी असतो आणि भाव ऐकून आपण हिंदीत कुरकुरलो की त्याला ते कळतं.

१९१७ मध्ये अमेरिकेने अडीच कोटी डॉलर मोजून ही बेटं घेतली. त्यांना आपल्या जकातव्यवस्थेत सामील न करता जुनीच व्यवस्था चालू ठेवली. पुढचं सगळं त्यावर उभं आहे, पण प्रवाशाच्या पिशवीवरची मर्यादा मात्र डॅनिशांकडून आलेली नाही.

ती आली १९६१ मध्ये. तोवर परदेशातून परतणारा अमेरिकी ५०० डॉलरचा माल बिनशुल्क आणू शकत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉलर देशाबाहेर जावेत, उद्ध्वस्त युरोपच्या हाती पडावेत, हीच सरकारची इच्छा होती. १९६० उजाडेपर्यंत वारं फिरलं. डॉलरपाठोपाठ सोनंही देशाबाहेर चाललं होतं. सरकारने मर्यादा एकदम १०० वर आणायचं ठरवलं. बेटावर धाबं दणाणलं. क्युबाची दारं नुकतीच बंद होत होती, तिकडचा पर्यटक इकडे वळू लागला होता आणि नेमक्या त्याच वेळी ही कुऱ्हाड. बेटाच्या बाजूने युक्तिवाद असा की आमच्याकडे खर्च झालेला डॉलर परदेशी जातोच कुठे, आम्हीही अमेरिकाच. विरोधक म्हणायचे, दुकानात स्विस घड्याळ, फ्रेंच अत्तर आणि स्कॉच विकता, मग तो डॉलर अखेर युरोपातच पोचतो. माझ्या मते हिशेबाच्या दृष्टीने विरोधकांचं म्हणणं अधिक बरोबर होतं, पण पारडं बेटाकडे झुकलं. इतरांना १००, या बेटांना २००. तडजोडीतून आलेलं हे ‘दुप्पट’ पुढे जणू बेटाचा हक्कच होऊन बसलं.

१९६५ मध्ये दारूचंही तसंच झालं. इतर ठिकाणांहून एक क्वार्ट, म्हणजे पाव गॅलन (जेमतेम एक लिटर), इथून मात्र अख्खा गॅलन. त्या वेळची नेहमीची बाटली गॅलनच्या पाचव्या हिश्श्याची, म्हणजे पाच बाटल्यांचं खोकं नेमकं बसायचं. आज मर्यादा पाच लिटर आहे, पण त्यातली किमान एक लिटर दारू तिथेच तयार झालेली हवी. साहजिकच ती रम असते.

१९७८ मध्ये आकडे ३०० आणि ६०० झाले, पुढे ४०० आणि ८००. १९९० मध्ये बहुतेक इतर देशांचे ४०० तसेच राहिले आणि बेटाचे १,२०० झाले, म्हणजे तिप्पट. बेटाच्या दृष्टीने हा खरा सुकाळ. २००२ मध्ये इतरांचे ८०० आणि बेटाचे १,६०० झाले, तेव्हा वाढ मिळाल्याचा गाजावाजा झाला. वजाबाकी करून पाहिली तर फरक आधीही ८०० डॉलरच होता आणि नंतरही तेवढाच, पट मात्र तीनवरून दोनवर आली. त्यानंतर तो आकडा हललेला नाही, महागाई मात्र थांबलेली नाही.

क्रूझवाल्यांसाठी यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. जहाज वाटेत सिंट मार्टिनसारख्या परक्या बंदरांवर थांबलं, तर १,६०० पैकी ८०० पर्यंतचीच खरेदी तिथली चालते. मर्यादेवरच्या पुढच्या हजार डॉलरवर इथल्या मालाला दीड टक्का शुल्क लागतं, परदेशी मालाला तीन. एका घरात राहणारं आणि एकत्र परतणारं कुटुंब आपापल्या सवलती एकत्र करू शकतं. हिऱ्याची अंगठी घेणारे बहुतेक जण याच आधारावर घेतात.

बेटावर राहणाऱ्यांना यातलं फारसं काही मिळत नाही. घड्याळं, दागिने, अत्तरं अशा पर्यटकी मालाला स्थानिक जकातीतून सूट आहे, पण परदेशातून आलेल्या इतर बऱ्याच वस्तूंवर त्यांना सहा टक्के भरावे लागतात.