आतड्यात ऑक्सिजन नको

पुण्यात पावसाळा लागला की औषधाच्या दुकानात हमखास ऐकू येतं, "सर्दी झालीय, एखादी अँटिबायोटिक द्या." गेल्या आठवड्यात सदाशिव पेठेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या काकांनी अशीच एक पट्टी नेली. परवा भेटले, तर सर्दी तशीच आणि वर जुलाब. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर या गोळ्या चालतच नाहीत. पण पोट का बिघडावं?

आपल्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. गाईला गवत पचतं ते पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. आपल्यालाही ज्वारीतला, पालेभाजीतला चोथा पचत नाही. तो हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनतं. खवट लोण्याचा वास आठवा, तो याच आम्लाचा! आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे मुख्य इंधन. ते जाळताना रक्तातून आलेला ऑक्सिजन त्या पेशी इतका वापरतात, की आतड्याच्या पोकळीत तो जेमतेम झिरपतो. आणि ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन म्हणजे विष. पेशींना जेवू घालून ते आपलंच घर राखतात. मला यातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं.

अँटिबायोटिकने हे जिवाणू मेले की ब्युटिरेट घटतं. पीपार-गॅमा हे पेशींतलं नियंत्रक प्रथिन मंदावतं, पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोजवर भागवू लागतात आणि न वापरलेला ऑक्सिजन पोकळीत उतरतो. साल्मोनेला आणि ई. कोलाय हे पोट बिघडवू शकणारे जिवाणू ऑक्सिजनविनाही जगतात, पण तो मिळाला की फोफावतात. उंदरांमध्ये हे 2016-17 साली दाखवलं गेलं. त्याआधी 1950च्या दशकातच दिसलं होतं, की उंदराला साल्मोनेलाची लागण व्हायला एरवी सुमारे 1 लाख जंतू लागतात. आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर दहाही पुरतात.

म्हणूनच "पोटातले सगळे जंतू साफ" म्हणणाऱ्या डिटॉक्सच्या जाहिरातींची मला चीड येते. टायफॉइडला अँटिबायोटिक हवंच, पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं.

काकांनी विचारलं, "मग दही खाऊ का?" खा, पण विरजणातले जिवाणू ब्युटिरेट बनवत नाहीत आणि बहुतेक पाहुण्यासारखे येऊन जातात. घरच्या जिवाणूंना चोथा लागतो. भाकरी गार झाली की तिच्यातला थोडा स्टार्च पचायला कठीण होतो आणि न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. पोट सावरलं की दह्यासोबत सकाळची उरलेली भाकरी घ्या, असं मी त्यांना सांगितलं.