सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी हे एकदा वाचून घ्या

नमस्कार. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक कोटेशनच्या आधी देतो, कारण एकदा कोटेशन हातात आलं की सगळं लक्ष आकड्यावर जातं आणि काम नक्की काय करायचंय ते बोलायचं राहून जातं. आम्ही गोव्यात, फोंड्यात बसतो, पाचच माणसं आहोत, आणि दुकानं, काजू कारखाने, हॉटेलं, हार्डवेअरवाले, वेर्णा-कुंडईतली छोटी युनिट्स यांचं बिलिंग, स्टॉक, खरेदी, उधारी आणि अकाउंट्स एकाच सॉफ्टवेअरवर आणून देतो. ईआरपी म्हणतात त्याला. काउंटरवर बिल केलं की गोदामातला स्टॉक आपोआप कमी होतो, गिऱ्हाइकाच्या खात्यावर उधारी चढते आणि महिनाअखेरीला सीएला तेच आकडे मिळतात, तीन वह्यांत तीनदा लिहावं लागत नाही.

सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकायला आम्हाला एक दिवस लागतो, पण तुमचा माल, तुमची गिऱ्हाइकं आणि तुमचे भाव त्यात नीट बसवायला दोन-तीन महिने जातात, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम तुमच्याच माणसांनी करायचं असतं. हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो, मग कोणाला आवडो न आवडो. मालकाने चेक दिला आणि मग फोनही उचलला नाही, अशा ठिकाणी आमचं काम कधीच नीट झालेलं नाही.

सुरुवातीला आम्ही दोन-तीन दिवस तुमच्या काउंटरवर नुसते बसतो. मालक म्हणतात आमचं सगळं साधं आहे, माल येतो माल जातो, पण बसल्यावर वेगळंच दिसतं. एका हार्डवेअर दुकानात पाइप लांबीवर विकत घेतात आणि फुटावर विकतात, खिळे पोत्याने येतात आणि किलोने जातात, आणि साखळी गावच्या काँट्रॅक्टरचा फोन आला की ऑर्डर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली जाते, माल जातो, बिल आठ दिवसांनी होतं. ही कॅलेंडरवरची ऑर्डर सॉफ्टवेअरमध्ये कुठे बसणार ते आधी ठरलं नाही तर पहिल्याच आठवड्यात स्टॉक मायनसमध्ये जातो आणि सगळे म्हणतात सॉफ्टवेअर चुकतंय.

मास्टरची साफसफाई

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. मास्टर म्हणजे मालाची, गिऱ्हाइकांची आणि सप्लायरांची यादी. जुन्या टॅलीत किंवा एक्सेलमध्ये एकच वस्तू तीन नावांनी असते, सँडपेपर १२०, सॅंड पेपर, पॉलिश पेपर, आणि तिघांचा स्टॉक वेगळा. ती यादी तशीच उचलून नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर जुनाच गोंधळ जास्त वेगाने होणार. म्हणून वस्तूमागे एकच नाव, खरेदीचं युनिट, विक्रीचं युनिट, एका पोत्यात किती किलो, आणि एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर, एवढं भरून घ्या (टर्नओव्हर ५ कोटींपर्यंत असेल तर ४ आकडी, त्याच्या वर ६ आकडी). दोन वर्षांत न विकलेल्या वस्तू नव्या यादीत आणू नका.

गिऱ्हाइकाच्या मास्टरमध्ये राज्य बघा. गोव्याचा जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९. पेडण्याचा व्यापारी सावंतवाडीच्या दुकानदाराला माल देतो तेव्हा आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी, लागतो, आणि मास्टरमध्ये चुकून गोवा पडलं असेल तर राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागून बिल जातं, मग समोरच्याला त्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे त्याच्या टॅक्समधून वजावट, मिळत नाही आणि तो तुमच्यावर चिडतो. बेळगावचंही तेच.

आपल्याकडच्या धंद्यांच्या काही खास गोष्टी आहेत. बार-रेस्टॉरंटमध्ये एकाच टेबलावर जेवण जातं जीएसटीत आणि दारू जीएसटीच्या बाहेर, तिला व्हॅट, म्हणजे गिऱ्हाइकाला हिशेब एकच दिसला तरी आत दोन वेगळे करगट, म्हणजे एकाच टॅक्सच्या वस्तूंचे गट, लागतात आणि ते पहिल्या दिवसापासून वेगळेच ठेवायचे. काजू कारखान्यात शेतकऱ्याकडून अख्खी बी घेतली की रिव्हर्स चार्ज, म्हणजे टॅक्स शेतकरी भरत नाही, कारखानदार भरतो, त्याची नोंद खरेदीच्या वेळीच झाली पाहिजे. पुढे तीच बी फोडून सोलून गराच्या डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, पाकळी, तुकडा अशा ग्रेड होतात, एका मालाचे दहा माल, आणि टरफल वेगळं. नुसतं दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर यात अडकतं, इथे उत्पादनाचं मॉड्यूल लागतंच, त्याशिवाय किलोमागे खरा खर्च कळत नाही.

टॅक्सचा दर एकेका वस्तूवर हाताने टाकू नका, करगट करा आणि वस्तू त्यात टाका. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक मालावरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि तो ५ किंवा १८ मध्ये आला. ज्यांच्याकडे करगट होते त्यांना मुख्यतः ग्रुप तपासावे लागले, ज्यांनी दर वस्तूवर लिहिले होते ते दोन-तीन रात्री जागले. हॉटेलवाल्यांचंही तेव्हाच बदललं, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला १२ ऐवजी ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही. असे बदल पुढेही होणार, आणि सॉफ्टवेअरमध्ये दराला तारीख लावता येते की नाही हे घेण्याआधी विचारायचा प्रश्न आहे.

कधी सुरू करायचं

बहुतेक लोक म्हणतात १ एप्रिल. हिशेबाला सोयीचं आहे खरं, पण काजूवाल्याला एप्रिल म्हणजे ऐन हंगाम, बी येतेय, वजनकाट्यावर रांग, तेव्हा त्याच्या माणसाला नवीन स्क्रीन शिकायला वेळ कुठला. हॉटेलवाल्याने पावसात, जून ते सप्टेंबर, करून घ्यावं म्हणजे ऑक्टोबरला पर्यटक यायच्या आत हात बसतो. इलेक्ट्रिकल, कपडे, किराणा यांनी चवथीच्या आधीचा महिना सोडावा, हार्डवेअरला पाऊसच बरा. हे आम्ही कळकळीने सांगतो कारण जगात मोठ्यांचंही यातच बिघडलंय. अमेरिकेतल्या हर्षी चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत, हॅलोवीनच्या ऑर्डरी सुरू होतात त्याच वेळी, नवीन सिस्टिम चालू केली आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पाठवता आल्या नाहीत, चॉकलेट तयार होतं तरी.

वर्षाच्या मध्ये सुरू करायला काही हरकत नाही. फक्त महिन्याच्या १ तारखेला सुरू करा म्हणजे जीएसटीआर-१ चा, विक्रीच्या जीएसटी रिटर्नचा, एक महिना दोन सिस्टिममध्ये फाटत नाही, आणि बिलाची नवीन सिरीज घ्या. बिल नंबर वर्षात परत येता कामा नये आणि १६ अक्षरांच्या वर जाता कामा नये, हा नियम आहे, वेगळी सिरीज चालते. टर्नओव्हर ५ कोटींच्या वर गेलेला असेल तर ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतोच, तो नव्या सिस्टिममधून निघतोय का ते आधी टेस्ट करून घ्या, पहिल्या बिलाच्या वेळी नको.

ओपनिंग स्टॉक मोजूनच घ्यायचा. दुकान बंद ठेवून, रविवारी, दोघांनी मिळून, एकाने मोजायचं एकाने लिहायचं, आणि जे फळीवर आहे तेच लिहायचं. वहीतला आकडा बघून लिहिलं तर मोजलं कशाला. उधारीसुद्धा एकरकमी टाकू नका, बिलवार टाका, नाहीतर कोणाचं बिल ४५ दिवसांच्या वर गेलं ते कळणारच नाही.

मग एक महिना जुनं आणि नवीन दोन्ही चालवायचं. माणसांना हे नको असतं, दुप्पट काम होतं, आम्हाला समजतं. पण आठवड्याच्या शेवटी दोन्हीकडची विक्री, रोख आणि चार-पाच वस्तूंचा स्टॉक जुळवून बघितल्याशिवाय आम्ही जुनं बंद करायला सांगत नाही. महिना झाला आणि जुळलं की जुनं बंद म्हणजे बंद, तीन महिने दोन्ही चालू ठेवलं तर माणसं परत वहीकडे वळतात.

ट्रेनिंग काउंटरवरच्या माणसाला द्या. बऱ्याच ठिकाणी मालकाचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो, भराभर शिकतो आणि मग कॉलेजला निघून जातो, आणि रोज बिल करणाऱ्या बाईंना काहीच दाखवलेलं नसतं. वीस वर्षं वही लिहिणाऱ्या माणसाला वाटतं आता आपली गरज संपली, म्हणून तो गप्प बसतो, मग चुका लपवतो. त्याला पहिल्या दिवशीच सांगा की तुझ्या डोक्यात जे आहे ते यात भरायचंय आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही, कारण खरंच तसं आहे. आम्ही शिकवतो ते मराठी-कोंकणीतच, आणि तुमच्याच खऱ्या बिलांवर.

पावसाचं लक्षात ठेवा, लाईट जाते, नेटही जातं. यूपीएस घ्या, नेट नसताना बिल होतं का विचारा. बॅकअपच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या जागी साठवलेल्या आणि त्यातली एक दुकानाच्या बाहेर, आणि महिन्यातून एकदा बॅकअप परत उघडून बघा. एका गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह वर्षभर रोज लावला जात होता आणि गरज पडली तेव्हा रिकामा निघाला.

पैशांचं थोडक्यात. आमच्याकडून घ्या की दुसऱ्याकडून, हे लेखी मागा: लायसन्स माणशी की एकदम, दरवर्षी किती, सपोर्ट कोण देणार, आणि सोडून जायचं ठरवलं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळणार का. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एडिट लॉग (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) बंद करता न येणारंच सॉफ्टवेअर घ्या, १ एप्रिल २०२३ पासून ते कंपन्यांना सक्तीचं आहे. खास बदल पहिले तीन महिने करून घेऊ नका, तिसऱ्या महिन्यात त्यातले निम्मे लागतच नाहीत. आणि एकच काउंटर, तीसेक वस्तू, उधारी नाही असं असेल तर ईआरपी नकोच तुम्हाला, साधं बिलिंग पुरे, आम्ही ते स्पष्ट सांगू.

भेटायला येताना मागच्या महिन्याची दहा-बारा बिलं, एक खरेदीचं बिल, तुमची मालाची यादी जशी असेल तशी, आणि जो माणूस तुम्ही दिवसाचे दोन तास या कामाला देणार आहात त्याला सोबत घेऊन या.